स्मारकनिधीचे व्याज : ग्रँट मेडिकल कॉलेज आणि डॉ. भाऊ दाजींचा वारसा

मुंबईत भायखळ्याला असलेले ग्रँट मेडिकल कॉलेज मुळात एक स्मारक आहे. एका माणसाच्या मृत्यूनंतर गावाने वर्गणी काढली आणि त्या वर्गणीतून मुंबई इलाख्यातले पहिले टिकाऊ वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. तिथे शिकलेल्या पहिल्या तुकडीतला एक विद्यार्थी पुढे नामांकित वैद्य, निबंधकार आणि पोथ्यांचा संग्राहक झाला. तो गेल्यावर त्याच्या नावानेही स्मारक झाले. त्यातून पारितोषिक निघाले आणि ग्रंथालयात हस्तलिखितांचा स्वतंत्र संग्रह आला. एका स्मारकातून दुसरे स्मारक जन्माला येण्याची ही हकीकत आहे.

या स्मरणिकेचे वाचक ताडकळस, पूर्णा, परभणी या भागातले आहेत. मुंबईच्या संस्थेचा इतिहास त्यांच्यापुढे ठेवण्याचे कारण सरळ आहे. आपल्याकडे कुणी कर्तबगार माणूस गेला की त्याच्या नावाने काहीतरी करावे असे सर्वांनाच वाटते. प्रश्न येतो तो काय करावे हा. गेल्या पावणेदोनशे वर्षांत कोणत्या स्मारकाने खरोखर काम केले, हे पाहिले तर उत्तर सापडायला मदत होईल.

वर्गणीतून विद्यालय

मुंबईत देशी विद्यार्थ्यांना पाश्चात्त्य वैद्यक शिकवण्याचा पहिला प्रयत्न १८२६ साली झाला. डॉ. जॉन मॅक्लेनन यांच्या देखरेखीखाली एक छोटी शाळा सुरू झाली आणि १८३२ मध्ये ती बंद पडली. त्यानंतर सरकारी वैद्यकीय मंडळींत असे मत बळावले की या प्रांतात असले शिक्षण रुजणार नाही.

१८३५ साली सर रॉबर्ट ग्रँट मुंबईचे गव्हर्नर म्हणून आले. त्यांना हे मत पटले नाही. त्याच वर्षी मुंबईत मेडिकल अँड फिजिकल सोसायटी स्थापन झाली होती आणि डॉ. चार्ल्स मोरहेड तिचे चिटणीस होते. जुनी शाळा का बंद पडली, नवी काढायची तर ती कशी असावी, याची चौकशी ग्रँट यांनी मोरहेड यांच्यासारख्या डॉक्टरांच्या मदतीने सुरू केली. कॉलेजची योजना आकाराला येत असतानाच, जुलै १८३८ मध्ये, पुण्याजवळ दापोडीला ग्रँट यांचे निधन झाले.

त्याच महिन्यात मुंबईच्या टाउन हॉलमध्ये नागरिकांची सभा भरली. त्या काळी अशा सभेतून बहुधा संगमरवरी पुतळा निघे. एल्फिन्स्टन आणि माल्कम यांचे तसे पुतळे टाउन हॉलमध्ये आजही आहेत. या सभेने मात्र ग्रँट यांचे अपुरे राहिलेले कामच त्यांचे स्मारक करायचे ठरवले. लोकांनी सुमारे ४४ हजार रुपये जमवले आणि सरकारने तितकीच भर घालायची तयारी दाखवली. सर जमशेटजी जीजीभाई यांनी रुग्णालयासाठी एक लाख रुपये दिले. १८४५ साली रुग्णालय आणि कॉलेज दोन्ही सुरू झाली. मोरहेड पहिले प्राचार्य झाले. जॉन पीट आणि हर्बर्ट जिरॉड हे त्यांचे सुरुवातीचे सहकारी.

त्या काळच्या मानाने एक गोष्ट फार महत्त्वाची होती. कॉलेज रुग्णालयाला लागूनच बांधले होते. विद्यार्थ्याने सकाळी व्याख्यान ऐकावे आणि त्याच आवारात रुग्णाच्या खाटेशी उभे राहून ते पडताळावे, अशी ती रचना होती. मोरहेड यांनी रुग्णांच्या नोंदी काटेकोर ठेवल्या आणि भारतातील रोगांवरचा आपला मोठा ग्रंथ १८५६ मध्ये प्रसिद्ध केला. पाहिलेले लिहून ठेवायचे, ही शिस्त या संस्थेला पहिल्या प्राचार्यांपासून मिळाली.

माणसांच्या नावाच्या शिष्यवृत्त्या

इमारत झाली तरी विद्यार्थी कोठून आणायचे, हा प्रश्न होताच. अभ्यासक्रम लांबलचक. शवविच्छेदनाची धास्ती घराघरांत. मुलगा कमवायच्या वयात आला असताना त्याला आणखी काही वर्षे शिकत ठेवणे बहुतेक घरांना झेपणारे नव्हते. ही अडचण पुन्हा स्मारकनिधींनीच बरीचशी सोडवली. ग्रँट यांच्यानंतर काही काळ कारभार पाहणारे जेम्स फॅरिश आणि त्यांच्यानंतरचे गव्हर्नर सर जेम्स कार्नॅक यांच्या नावांनी शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. लोकांनी दिलेली मुद्दल शाबूत ठेवायची आणि तिच्या व्याजातून दर महिन्याला विद्यार्थ्याचा खर्च भागवायचा, अशी ही पद्धत. आज आपल्याला ती साधी वाटते. तेव्हा तिच्यामुळे एखाद्या गरीब घरातला मुलगा डॉक्टर होऊ शकत होता.

१८५१ साली पहिली तुकडी बाहेर पडली. ‘ग्रॅज्युएट ऑफ द ग्रँट मेडिकल कॉलेज’, थोडक्यात जी.जी.एम.सी., ही त्यांची पदवी. तुकडीत हिंदू होते, पारशी होते, गोव्याकडचे ख्रिस्ती होते. प्रार्थना समाजाचे एक संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग यांचे वैद्यकीय शिक्षण याच कॉलेजातले. पहिल्या तुकडीतले सर्वांत गाजलेले नाव रामकृष्ण विठ्ठल लाड यांचे. लोक त्यांना भाऊ दाजी म्हणत.

निबंधाने घडवलेला वैद्य

भाऊ दाजींचे मूळ गाव गोव्यातले मांद्रे. वडील पोटासाठी मुंबईला आले. घरची स्थिती बेताची होती. बुद्धिबळातली मुलाची चमक पाहून गव्हर्नर लॉर्ड क्लेअर यांनी त्याला इंग्रजी शिकवण्याचा सल्ला दिला, अशी हकीकत त्यांच्या चरित्रांतून सांगितली जाते. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शिकून ते तिथेच शिक्षक झाले.

वैद्यकाकडे वळण्याच्या सुमारास त्यांनी एक निबंध लिहिला. काठेवाड आणि कच्छ भागातल्या जाडेजा रजपुतांत नवजात मुलींना मारण्याची चाल होती. त्या विषयावरील निबंधांसाठी मुंबई सरकारने पारितोषिक जाहीर केले. भाऊ दाजींच्या निबंधाला पारितोषिक मिळाले आणि १८४७ साली तो छापून निघाला. विशीतल्या एका मराठी तरुणाने समाजाच्या रोगाची कारणे शोधली, जुने पुरावे तपासले, उपाय सुचवले आणि हे सगळे छापील रूपात समाजापुढे ठेवले. पुढच्या आयुष्यात त्यांनी जे जे केले त्याची रीत या निबंधातच ठरलेली दिसते. आधी पुरावा गोळा करायचा, मग तो तोलायचा आणि शेवटी लिहून लोकांच्या हाती द्यायचा.

निबंधाच्या पारितोषिकातून वैद्यकाला बळ देण्याची कल्पना जगात इतरत्रही रुजत होती. अमेरिकेत बोस्टनचे वॉर्ड निकोलस बॉइल्स्टन यांनी १८०३ साली हार्वर्डमध्ये वैद्यकीय निबंधांसाठी पारितोषिके सुरू केली. तिथल्या वैद्यकीय शाखेला त्यांनी ग्रंथही दिले. एकाच दात्याने निबंध आणि पुस्तके या दोन्हींना हात द्यावा, यामागे शहाणपण आहे. निबंध लिहायचा तर ग्रंथ लागतात, आणि ग्रंथ नुसते कपाटात राहू नयेत यासाठी कुणीतरी निबंध लिहायला बसले पाहिजे. १८३६ आणि १८३७ मध्ये ही पारितोषिके मिळवणाऱ्यांत ऑलिव्हर वेंडेल होम्स हा तरुण डॉक्टर होता. त्याच होम्सने १८४३ मध्ये बाळंतज्वर डॉक्टरांच्या हातांतूनच एका बाळंतिणीकडून दुसरीकडे जातो, असे निर्भीडपणे मांडले. पारितोषिकासाठी पुरावा गोळा करताना लागलेली सवय पुढे माणसांचे जीव वाचवायच्या कामी येते, याचे हे ठळक उदाहरण.

दवाखाना आणि पोथ्यांचे दालन

पदवी घेतल्यावर भाऊ दाजींनी मुंबईत व्यवसाय सुरू केला. धाकटे भाऊ नारायण दाजी हेही याच कॉलेजातून डॉक्टर झाले. दोघा भावांनी गरिबांसाठी मोफत दवाखाना चालवला. सावकार, संस्थानिक, गोरे अधिकारी भाऊंकडे येत. त्याच दारात ज्यांच्याकडे द्यायला काही नाही असे लोकही बसत. १८५२ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनचे ते चिटणीस होते आणि मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या फेलोंपैकी एक. १८६९ आणि १८७१ असे दोनदा ते मुंबईचे शेरीफ झाले.  भायखळ्याच्या राणीच्या बागेतले वस्तुसंग्रहालय १८७२ मध्ये उघडले, त्यामागे त्यांचे वर्षानुवर्षांचे कष्ट होते. त्या संग्रहालयाला १९७५ साली त्यांचे नाव देण्यात आले.

मात्र त्यांची सर्वांत मोठी कमाई संग्रहाची होती. संस्कृत व प्राकृत पोथ्या, नाणी, ताम्रपट, शिलालेखांच्या नकला यांवर त्यांनी व्यवसायातला पैसा मोकळ्या हाताने खर्च केला. जुनागढच्या भगवानलाल इंद्रजी यांच्यासारख्या तरुण पंडिताला त्यांनी हाताशी धरले. देशभर हिंडून लेखांच्या अचूक नकला घ्यायच्या, मिळतील तिथून पोथ्या आणायच्या, हे भगवानलालांचे काम. भाऊ दाजी स्वतःही हिंडत. अजिंठ्याला जाऊन त्यांनी लेण्यांतील लेख वाचले आणि त्यांवरचा निबंध एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेपुढे मांडला. आपल्या मराठवाड्यातील लेण्यांच्या लेखांचे वाचन आणि अर्थ छापील रूपात अभ्यासकांपुढे ठेवणाऱ्या पहिल्या भारतीयांत या वैद्याची गणना करावी लागते. वाकाटक राजांच्या इतिहासाच्या अभ्यासात त्या वाचनाला मोल आहे.

१८६५ साली त्यांनी आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त, भटोत्पल आणि भास्कराचार्य यांच्या काळावर व ग्रंथांच्या अस्सलपणावर निबंध प्रसिद्ध केला. आर्यभटीय हा ग्रंथ तोवर अभ्यासकांना दुसऱ्यांच्या उल्लेखांतूनच ठाऊक होता. भाऊ दाजींनी त्याच्या पोथ्या मिळवून आर्यभटाचे मूळ काम पुन्हा चर्चेत आणले. दिवसभर नाडी पाहणारा माणूस रात्री ताडपत्रे वाचत बसे, असे त्यांचे आयुष्य होते.

न लिहिलेला निबंध

याच माणसाच्या आयुष्यात एक गोष्ट राहून गेली आणि ती आपण मनावर घ्यावी अशी आहे. भाऊ दाजींनी कुष्ठरोगावर वर्षानुवर्षे उपचार केले. कडू कवठीच्या बियांचे तेल हा त्यांच्या औषधाचा गाभा. रुग्णांना उतार पडत असल्याच्या बातम्या दूरवर पोहोचल्या आणि देशोदेशीच्या डॉक्टरांनी चौकशी केली. पूर्ण खात्री होईपर्यंत औषध जाहीर करायचे नाही, असे भाऊ दाजींनी ठरवले होते. १८६५ च्या शेअरबाजाराच्या पडझडीत त्यांचा पैसा बुडाला, प्रकृती ढासळली, अर्धांगवायू झाला आणि ३१ मे १८७४ रोजी ते गेले. या औषधावर त्यांच्या हातचा सविस्तर निबंध कधीच छापला गेला नाही.

त्याच काळात ग्रँट कॉलेजातले प्राध्यापक हेन्री व्हॅनडाइक कार्टर कुष्ठरोगावर संशोधन करत होते. ‘ग्रेज ॲनाटॉमी’ या जगप्रसिद्ध ग्रंथाची मूळ चित्रे काढणारे ते हेच कार्टर. त्यांनी केलेली कुष्ठरोगाची नोंद ग्रंथरूपाने उरली. कडू कवठीच्या वर्गातल्या झाडांचे तेल पुढे जगभर कुष्ठरोगावरचे मुख्य औषध ठरले आणि १९४० च्या दशकात सल्फोन औषधे येईपर्यंत ते वापरात राहिले. या उपचाराच्या इतिहासात भाऊ दाजींचे नाव तळटीपेत उरले. किती रुग्णांना किती काळ औषध दिले, कोणाला गुण आला, कोणाला नाही, हे त्यांनी लिहून ठेवले असते, तर त्यांचे नाव त्या इतिहासाच्या पहिल्या पानावर असते.

डॉक्टराचा अनुभव कागदावर आला नाही तर तो त्याच्याबरोबर जातो. वैद्यकीय निबंधांसाठी पारितोषिक ठेवण्याचे सर्वांत मोठे समर्थन मला यातच दिसते. पारितोषिकाची रक्कम लहान असेना. ‘अमुक तारखेपर्यंत लिहून द्या’ ही एक ओळ कामाच्या रगाड्यातल्या माणसाला लिहायला बसवते.

भाऊ दाजींचे स्मारक

भाऊ दाजींनंतर त्यांच्या चाहत्यांनी स्मारक समिती केली. कुणाच्या मनात काय होते याची चर्चा करण्यापेक्षा तिच्या कामातून काय उरले ते पाहू. दोन गोष्टी उरल्या, आणि दोन्ही भाऊ दाजींच्या स्वभावाला साजेशा.

पहिली गोष्ट म्हणजे त्यांच्या पोथ्या. खासगी संग्रह मालकामागे विखुरतात. वारसांकडे जागा नसते, कधी गरज असते, आणि एकेक पोथी हातोहात निघून जाते. भाऊ दाजींच्या हस्तलिखितांचा संग्रह मात्र एकत्र राहिला आणि एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या ग्रंथालयात त्यांच्या नावाने दाखल झाला. हे ग्रंथालय टाउन हॉलमध्ये आहे. ग्रँट यांच्या स्मारकाची सभा जिथे भरली, त्याच वास्तूत त्या स्मारकातून घडलेल्या डॉक्टराचा संग्रह येऊन विसावला. पुढे भगवानलाल इंद्रजी यांनीही आपली हस्तलिखिते याच ग्रंथालयाला दिली. गुरूने जमवायला शिकवले, शिष्याने द्यायलाही शिकून घेतले.

संग्रह दिला म्हणजे काम संपत नाही. त्याची सूची हवी. ते काम प्रा. हरि दामोदर वेलणकर यांनी केले. एशियाटिकमधल्या संस्कृत व प्राकृत हस्तलिखितांची त्यांची वर्णनात्मक सूची १९३० पर्यंत भागाभागांनी प्रसिद्ध झाली. पोथीचे नाव, कर्ता, पत्रांची संख्या, लेखनाचा काळ, आरंभ आणि शेवट, आणि ती कोणत्या संग्रहातून आली हे त्यात नोंदले आहे. ज्योतिष, वैद्यक, धर्मशास्त्र, जैन साहित्य यांचे जगभरातले अभ्यासक आज एखाद्या पोथीचा दाखला देताना ती भाऊ दाजींच्या संग्रहातली आहे असे लिहितात. गेल्यानंतर दीडशे वर्षांनी तुमचे नाव एखाद्या विद्यार्थ्याला वाट दाखवते, याहून चांगले स्मारक कोणते?

दुसरी गोष्ट म्हणजे मुंबई विद्यापीठातले संस्कृतसाठीचे भाऊ दाजी पारितोषिक. ते मिळवणाऱ्यांची यादी पाहिली तर एक नाव विशेष लक्ष वेधते. १९०१ साली बी.ए. होताना पांडुरंग वामन काणे या कोकणातल्या विद्यार्थ्याने ते मिळवले. पुढे विश्वनाथ नारायण मंडलिक यांच्या नावाचे सुवर्णपदक त्यांनी निबंधांसाठी मिळवले. त्यातला एक निबंध महाकाव्यांतल्या आर्यांच्या चालीरीतींवर होता, दुसरा अलंकारशास्त्राच्या इतिहासावर. अलंकारशास्त्राचा तो निबंध वाढत जाऊन काण्यांचा त्या विषयावरचा ग्रंथ झाला. मंडलिक हे १८८९ साली वारलेले मुंबईचे नामवंत वकील. त्यांच्या स्मृतीसाठी ठेवलेल्या पदकाने एका तरुणाकडून निबंध लिहवून घेतला आणि त्या निबंधातून ग्रंथ निघाला. त्यानंतर काण्यांनी धर्मशास्त्राचा इतिहास पाच खंडांत लिहिला. पहिला खंड १९३० मध्ये आला, शेवटचा १९६२ मध्ये. सहा हजारांहून अधिक पानांच्या या ग्रंथासाठी त्यांनी आयुष्याचा मोठा भाग ज्या ग्रंथालयांत घालवला, त्यांत एशियाटिक अग्रभागी होते. १९६३ साली त्यांना भारतरत्न मिळाले, आणि एशियाटिकमध्ये त्यांच्याही नावाने संशोधन संस्था आणि सुवर्णपदक सुरू झाले. स्मारकातून स्मारक निघण्याची ही साखळी अजून तुटलेली नाही.

कॉलेजातून निघालेली ग्रंथसंपदा

ग्रँट कॉलेजाने डॉक्टर दिले तसे ग्रंथही दिले, आणि त्यांतले काही आपल्या भाषेसाठी व आपल्या जुन्या वैद्यकासाठी मोलाचे आहेत. डॉ. अण्णा मोरेश्वर कुंटे या मुंबई विद्यापीठाच्या एम.डी.ने वाग्भटाच्या अष्टांगहृदयाची संशोधित आवृत्ती अरुणदत्ताच्या टीकेसह तयार केली. १८८० साली निर्णयसागर छापखान्यातून ती बाहेर पडली. हाडामांसाचे शास्त्र पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेला माणूस आयुर्वेदाची पोथी शब्दाशब्दाने तपासत होता. वैद्यकाच्या दोन परंपरा एकाच टेबलावर आणण्याचे काम त्याने केले, आणि ते ग्रंथाच्या रूपाने केले म्हणून ते टिकले.

१८६१ पासून कॉलेजात देशी भाषांतून शिकवण्याचा वर्ग सुरू झाला होता. मराठीत वैद्यक शिकलेले अनेक डॉक्टर त्यातून मुंबई इलाख्यातल्या गावोगावच्या दवाखान्यांत पोहोचले. याच कॉलेजात शिकलेल्या डॉ. सखाराम अर्जुन यांनी मुंबईच्या बाजारात मिळणाऱ्या औषधींची सूची १८७९ साली प्रसिद्ध केली आणि आरोग्यावर मराठीतून लिहिले. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांत ते होते.

त्याआधी पुण्यात दक्षिणा फंडाच्या बाबतीत झालेला बदलही येथे आठवतो. पेशवाईत ब्राह्मणांना दिल्या जाणाऱ्या दक्षिणेची रक्कम मराठी ग्रंथांच्या पारितोषिकांसाठी वापरावी, अशी मागणी लोकहितवादींच्या पिढीने केली. विरोध झाला, पण १८५१ साली दक्षिणा प्राइझ कमिटी आली आणि उपयुक्त विषयांवरच्या मराठी पुस्तकांना बक्षिसे मिळू लागली. दानाचा पैसा लिहिण्याकडे वळवला की भाषेची ताकद कशी वाढते, हे तेव्हाच्या महाराष्ट्राने पाहिले आहे.

निधी का मरतात

सगळे निधी टिकत नाहीत, हेही सांगायला हवे. मुद्दल ठेवताना जी रक्कम मोठी वाटते तिचे व्याज पन्नास वर्षांनी एका पुस्तकालाही पुरत नाही. पारितोषिकाचे नाव पत्रिकेत राहते, विद्यार्थ्याच्या हाती मात्र काहीच पडत नाही. कधी निबंध येतात, बक्षिसे वाटली जातात आणि निबंधांचे गठ्ठे कपाटात वाळवीला जातात. कधी पुस्तके भेट येतात, पण दाखल नोंदवहीत त्यांची नोंद होत नाही आणि दहा वर्षांत ती कुठे गेली हे कुणालाच सांगता येत नाही.

भाऊ दाजींच्या संग्रहाची हकीकत पाहता चार गोष्टी पक्क्या करता येतात. एक, दर पाच-सात वर्षांनी मुद्दलीत भर घालायची आणि ते काम एका जबाबदार माणसाकडे सोपवायचे. दोन, पारितोषिकाचा निबंध छापायचा आणि एक प्रत वाचनालयात कायमची ठेवायची. तीन, दिलेला ग्रंथसंग्रह फोडायचा नाही. दात्याच्या नावाने त्याची सूची करायची आणि ती लोकांना पाहायला ठेवायची. चार, विषय दात्याच्या आयुष्याशी आणि आपल्या मातीशी जोडलेला ठेवायचा.

आपल्या भागासाठी

या शेवटच्या गोष्टीला आपल्या भागात फार वाव आहे. मराठवाड्याने नुकतेच पाहिलेले एक उदाहरण सांगतो. जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातले डॉ. हिंमतराव बावस्कर शिकून कोकणात महाडजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तिथे लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः लहान मुले दगावत होती. त्यांनी रुग्णांशेजारी बसून लक्षणे टिपली, प्रॅझोसिन या औषधाचा परिणाम पाहिला आणि तो अनुभव ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने उतरले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्याकडे मोठे रुग्णालय नव्हते, संशोधनाचा निधी नव्हता. पाहिलेले लिहिण्याची सवय होती. भाऊ दाजींच्या आयुष्यात जे राहून गेले ते बावस्करांनी केले.

परभणीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. नांदेडला आणि अंबाजोगाईला आधीपासून आहेत. ताडकळस हे बाजार समितीचे गाव. आजूबाजूच्या शेतशिवारातली माणसे इथल्या दवाखान्यांत येतात. सर्पदंश, कीटकनाशकांची विषबाधा, उन्हाळ्यातले उष्माघात, गरोदर बायांमधला पांडुरोग, ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतल्या मुलांचे लसीकरण, असे कितीतरी विषय या भागात रोज डोळ्यांसमोर येतात आणि लिहिले न जाता विसरले जातात. आरोग्य केंद्रातली परिचारिका, आशा ताई, निवृत्त कंपाउंडर, गावचा जुना वैद्य यांच्याकडे जे आहे ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडत नाही.

महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे गावोगावच्या वाचनालयांना शासनाचे अनुदान मिळते. तिथे कपाट आहे, नोंदवही आहे, बसायला जागा आहे. आपल्यातल्या एखाद्या डॉक्टराच्या, शिक्षकाच्या किंवा आईच्या स्मृतीसाठी ज्यांच्या मनात काही करायचे आहे, त्यांनी आधी जवळच्या वाचनालयात जावे. एक कायम ठेव करावी. तिच्या व्याजातून दर वर्षी एका आरोग्यविषयक निबंधाला पारितोषिक द्यावे आणि त्याच विषयाची पुस्तके घ्यावीत. तो निबंध मराठीत असावा, गावच्या अनुभवातून लिहिलेला असावा आणि छापून वाचनालयात ठेवलेला असावा. १८३८ साली मुंबईच्या लोकांनीही वर्गणीतून पुतळ्याऐवजी कामच स्मारक करायचे ठरवले होते. पहिला निबंध येईल तेव्हा तो लहान असेल. पण तो लिहिला गेला पाहिजे, आणि यंदाच लिहिला गेला पाहिजे.